आतबट्ट्याच्या अंड्यांचे अर्थशास्त्र

घरामागे पाच-सहा कोंबड्या पाळून त्यांची अंडी विकण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळत आहे, त्यांचे प्रथम अभिनंदन. ज्यांना विक्री सुरू करून वर्ष उलटले आहे, त्यांचे सांत्वन करण्याची मात्र गरज नाही. त्यांनी अद्याप हिशेब केलेला नसल्यामुळे तेही तितकेच आनंदात आहेत. हा आनंद अबाधित राहावा म्हणून भाव ठरवताना जी पथ्ये पाळावी लागतात, ती मी स्वानुभवावरून सांगत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वही घरात आणू नका. वही आली की कोणीतरी तिच्यात लिहितो, आणि लिहिले की बेरीज होते. अंडी देत असलेली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहा कोंबड्यांना महिन्याला जवळपास २० किलो लागते. त्या सहांनी मिळून रोज सरासरी चार अंडी दिली, तर महिन्याची १२० अंडी होतात आणि एका अंड्यापोटी १६५ ग्रॅम खाद्य खर्ची पडते. अंड्याचे वजन ५५ ग्रॅम धरले, तर त्याच्या तिप्पट वजनाचे खाद्य आपण आधीच घालून बसलो आहोत, आणि यात सांडलेले, भिजलेले व चिमण्यांनी पळवलेले धरलेले नाही. अशी माहिती माणसाची झोप उडवते. त्यापेक्षा खाद्याचे पोते घरखर्चात टाकावे आणि अंड्यांचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवावेत. महिनाअखेर डबा हलवून पाहिला की नफा खुळखुळताना स्पष्ट ऐकू येतो.

भाव ठरवण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी, की जवळच्या दुकानातला भाव पाहावा आणि त्यातून थोडे कमी करावे. हजारो कोंबड्यांच्या पोल्ट्रीला घाऊक दराने मिळणारे खाद्य आपण एकेक पोते किरकोळ दराने आणतो, तेव्हा आपले अंडे तिच्या अंड्यापेक्षा स्वस्त असलेच पाहिजे, हे उघड आहे. तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी, अंड्यावर येईपर्यंत साडेचार-पाच महिने आणि सहा-सात किलो खाद्य जाते, खुराड्याच्या जाळीला आणि पत्र्याला पैसे पडतात, एखाद्या रात्री दार नीट न लागल्यामुळे सहाच्या चार होतात. पण या गोष्टी भावात धरणे म्हणजे मुक्या जिवांवर धंदा करणे होय, आणि तसे कोणी म्हटले तर आपल्याला सहन होणार नाही. स्वतःच्या श्रमाचा तर विषयच काढू नये. भल्या पहाटे खुराडे उघडणे, विष्ठा खरवडणे, पाण्याचे भांडे घासणे आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन कोंबड्या मोजणे याला छंद म्हणतात, आणि छंदाची मजुरी मागणारा माणूस समाजात वाईट दिसतो.

गिऱ्हाईक ‘घरच्या अंड्याचा बलक किती केशरी आहे!’ असे म्हणाले, तर त्याला ताबडतोब सांगावे, की हा रंग खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांचा आहे, मक्याने, हिरव्या पाल्याने किंवा झेंडूच्या पाकळ्यांनीही तो येतो आणि त्यावरून पौष्टिकता ठरत नाही. तपकिरी अंड्याला चार पैसे जास्त द्यायला कोणी तयार झालेच, तर कवचाचा रंग केवळ कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, हे ज्ञानही फुकट द्यावे. भाव वाढवण्याची संधी अशा प्रामाणिकपणे बुजवून टाकल्याचे समाधान निराळेच असते. (हे सारे शंभर टक्के खरे आहे, हीच तर अडचण आहे.)

अंडी देण्यापूर्वी पाण्याने लख्ख धुवावीत, कारण शेजारच्या काकूंना कवचाला चिकटलेले पीस आवडत नाही. कवचावर निसर्गाने दिलेला पातळ संरक्षक थर धुण्याने निघून जातो, कवचाची हजारो सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात आणि अंडे लवकर खराब होते, हे तुम्हाला ठाऊक असते. पण काकूंना ठाऊक नसते, आणि अंडे खराब निघाले की बदलून तुम्हीच देता.

उधारीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती असते.

रिकाम्या ट्रेविषयी मात्र लिहिले पाहिजे. तीस खळग्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आपण विश्वासाने देतो आणि तो तीन आठवड्यांनी कोपरे दबून, मध्यभागी ओल धरून परत येतो. त्यासोबत पैसे येत नाहीत, तर ‘या वेळी अंडी जरा लहान होती हो’ हा निरोप येतो. अशा वेळी, नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगीची अंडी सुरुवातीला लहानच असतात, हे सांगण्याच्या भानगडीत न पडता पुढच्या डझनात दोन अंडी वर घालावीत. तेरावे अंडे उदारपणाचे असते आणि चौदावे सवयीचे. पुढच्या खेपेला बाराच दिली, तर दोन कमी का, असा प्रश्न येतो.

वर्षातून एकदा कोंबड्यांची पिसे झडतात आणि दोन-तीन महिने अंडी जवळपास बंद होतात. दिवस लहान असताना, १४ ते १६ तासांचा उजेड मिळत नाही म्हणून त्या आणखी हात आखडता घेतात, आणि उरलेली एखादी नेमकी खुडूक होऊन, म्हणजे अंडी देणे सोडून उबवण्याच्या नादाला लागून, रिकाम्या खोक्यात फुगून बसते. खाणे कोणाचेच बंद होत नाही. या काळात भाव वाढवण्याचा मोह होईल; तो आवरावा, कारण बांधलेली गिऱ्हाइके आपल्याकडे आपुलकीने येतात आणि आपुलकीचा भाव एकदा ठरला की बदलता येत नाही. दिवसाकाठी मिळणारे एकुलते एक अंडे फडक्यात गुंडाळून ज्याला शब्द दिला त्याच्याकडे पोचवावे.

मग घरातल्या मुलांनी रात्री ऑम्लेट मागितले, की पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जावे, सहा अंडी मागावीत आणि दुकानदार सांगेल तो भाव घासाघीस न करता द्यावा. तिथे दोन वर घाला, असे म्हणण्याचे आपल्याला सुचतसुद्धा नाही.