फायबर फास्ट आहे, पण प्रकाशाच्या वेगामुळे नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "फायबरमध्ये डेटा प्रकाशाच्या वेगाने पळतो, तांब्यात इलेक्ट्रॉन रखडतात, फायबरला लिमिटच नाही, आता इलेक्ट्रॉनिक्सचा खेळ खल्लास."

आधी तो वेग बघू. सेकंदाला ३ लाख किमी हा निर्वात पोकळीतला आकडा झाला, काचेत तो साधारण २ लाखांवर येतो, म्हणजे दर किमीला ५ मायक्रोसेकंद, आणि चांगल्या कोॲक्स केबलमध्ये (टीव्हीच्या केबलसारखी तांब्याची तार) सिग्नल उलट याहून जोरात जातो. शिकागो ते न्यू जर्सी फायबर असतानाही शेअर ट्रेडिंगवाल्यांनी मायक्रोवेव्हचे टॉवर उभे केले ते काय हौस म्हणून? हवेतून लवकर पोचतं म्हणून.

इलेक्ट्रॉन रखडतात हे मात्र खरंय, पण डेटा काय त्यांच्या पाठीवर बसून जात नाही, तारेलगतची विद्युतचुंबकीय लहर जाते.

मग फायबर जिंकतं कुठे, तर लॉसमध्ये (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो) आणि बँडविड्थमध्ये (एकावेळी किती डेटा मावतो). १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किमीमागे लॉस जेमतेम ०.२ डेसिबल, म्हणजे १५ किमी गेल्यावर कुठे प्रकाश निम्मा होतो. तांब्यात फ्रीक्वेन्सी वाढवली की स्किन इफेक्टमुळे करंट वरवरच्या थरातूनच वाहतो, आणि काही गिगाहर्ट्झला शंभर मीटरमध्येच सिग्नलचा जीव जातो.

आता "लिमिट नाही" वाला भाग, हा सगळ्यात गंडलेला. ४०० जी कोहेरंट लिंक घ्या (सेकंदाला ४०० गिगाबिट, डेटा प्रकाशाच्या तीव्रतेत आणि फेजमध्ये भरलेला), साधारण ६० गिगाबॉड, म्हणजे सेकंदाला ६० अब्ज सिंबल (डेटाचे ठोके), एक सिंबल १६-१७ पिकोसेकंदांचा, काचेत जेमतेम ३ मिलिमीटर लांब. साध्या फायबरचं डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांब्या पुढेमागे पोचून सिग्नल पसरणं, नॅनोमीटरला, किमीला १७ पिकोसेकंद, सिग्नलची रुंदी अर्धा नॅनोमीटर धरा, ८० किमीवर झाले ६८० पिकोसेकंद, म्हणजे चाळीसेक सिंबल एकमेकांत कालवलेले! पॉवर वाढवून बघावं तर केर इफेक्ट आडवा येतो, प्रकाशाच्या जोराने काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि काच स्वतःच सिग्नल बिघडवायला लागते.

हा सगळा काला निस्तरतो कोण? डीएसपी चिप (सिग्नलवर गणित करणारी), तिच्याआधीचे एडीसी (सिग्नलचे आकडे करणारे), पलीकडच्या टोकाला डीएसी (आकड्यांचा परत सिग्नल करणारे) आणि प्रकाशावर डेटा चढवणाऱ्या मॉड्युलेटरचा ड्रायव्हर. सगळं इलेक्ट्रॉनिक्सच की! आणि एका वेव्हलेंग्थवर किती भरता येईल हे बरंचसं यांच्याच बँडविड्थवर अडतं. स्विच चिपपासून (नेटवर्कचा डेटा इकडेतिकडे वळवणारी) ऑप्टिकल मॉड्यूलपर्यंतचं (विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा भाग) बोर्डावरचं काही इंच तांबंसुद्धा सेकंदाला ११२ गिगाबिटला इतकं नडतं, की आता ऑप्टिक्स उचलून चिपशेजारी एकाच पॅकेजमध्ये बसवायला लागलेत.