तुकडा तुटला की गायब, आणि वर ‘दुसरा कर’ म्हणणारे

डोकं फिरतं माझं हे ऐकून. ‘एवढासा तर होता, दुसरा कर की!’ लेथवर, म्हणजे सळई फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, केलेला बारीकसा तुकडा तुटून उडालेला असतो, मी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात लेथखालचा ट्रे चाळत असतो आणि दारात उभं राहून कुणीतरी हे म्हणतं. दुसरा कर म्हणजे काय करायचं असतं, माहीत आहे का?

जुन्या लंबकाच्या घड्याळात चाकांच्या आसांची टोकं पितळी प्लेटमधल्या भोकांत फिरतात. वर्षानुवर्षं फिरून भोक एका बाजूला झिजतं, लांबट होतं, चाकं एकमेकांपासून सरकतात आणि घड्याळ बंद पडतं. मग ते भोक मोठं आणि गोल करून त्यात पितळेचा बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, दाबून बसवायचा. बाहेरून 3 मिलिमीटर, लांबी 2 मिलिमीटर, मध्ये सव्वा मिलिमीटरचं भोक. वजन भरेल ग्रॅमचा दहावा भाग. आणि तो प्लेटमध्ये घट्ट बसायला हवा, म्हणजे बाहेरचा व्यास काही मायक्रॉनच्या आत राखायचा. फेसिंग मारा, म्हणजे सळईचं टोक सपाट करा, सेंटर ड्रिलने मधोमध खूण खोदा, मग ते केसासारखं ड्रिल श्वास रोखून आत घाला, दर अर्ध्या मिलिमीटरला बाहेर काढून कीस झटका, नाहीतर ड्रिल आतच मोडतं. मग टर्निंग, म्हणजे बाहेरून छिलणं, मायक्रोमीटरने माप, परत एक हलका कट, परत मायक्रोमीटर. हे सगळं जमलं की शेवटी पार्टिंग, म्हणजे तयार बुश सळईपासून कापून वेगळा करणं. आणि बरोबर त्या शेवटच्या सेकंदाला, सगळं काम पुरं झालेलं असताना, ‘टिंग’ असा आवाज येतो आणि बुश नाही!

कुठे जातो तो? मी जवळून बघितलंय. टूल भोकापर्यंत पोचतं तेव्हा कडं सगळीकडून एकदम सुटत नाही. एका बाजूला कागदासारखा पातळ पापुद्रा उरतो, बुश त्यावर कलंडतो आणि टूल आणि सळईच्या मध्ये चिमटला जातो. तिथून जो उडतो तो. खाली पडला तर नशीब. चकच्या, म्हणजे सळई धरून फिरणाऱ्या पकडीच्या, जॉला (जबड्याला) लागला तर संपलं, कारण 80 मिलिमीटरच्या चकच्या कडेचा वेग मिनिटाला हजार फेऱ्यांना सेकंदाला चार मीटरच्या वर असतो. मग बुश कपाटाखाली, मोटरच्या मागे, खिडकीच्या खोबणीत, कुठेही.

आणि खाली पडला म्हणजे मिळाला असंही नाही. या छोट्या बेंच लेथचा बेड, म्हणजे खालचा पाया, मधून उघडा. त्यातून तुकडा खाली जातो तो ट्रेमध्ये. स्वस्त मशीनच्या एप्रनची, म्हणजे टूल सरकवणाऱ्या गाड्याच्या पुढच्या पेटीची, मागची बाजूही उघडी, आतले गिअर दिसतात, तिथेही जाऊन बसतो. ट्रेमध्ये काय, तर पितळेचाच कीस! पितळेची चिप लांब गुंडाळी होऊन येत नाही, बारीक सोनेरी कण होऊन पडते. त्याच रंगाचा, जवळजवळ त्याच आकाराचा बुश त्यात शोधायचा. पोलादाचा असता तर लोहचुंबक फिरवला असता. पितळेला चुंबक काय कामाचा? बोटांनी चाळायचं, मग ते कण कातडीत घुसतात आणि दोन दिवस चहाचा कप धरतानाही टोचतात.

माझा खरा राग मशीन विकणाऱ्यांवर आहे. लेथबरोबर काय काय देतात: चकची किल्ली, जादा गिअर, फ्यूज, तेलाची कुपी, समोर प्लॅस्टिकचा गार्ड. लेथवर केलेली वस्तू शेवटी लेथपासून तुटणार, हे डिझाइन करणाऱ्याला माहीत नव्हतं का? भोसरीत कुठल्याही ट्रॉबच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या लेथच्या, शेडमध्ये जा, सुटलेला माल कुठे पडणार याची सोय केलेली असते. सीएनसीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवाल्यांना, पार्ट कॅचर मिळतो, पार्टिंगच्या वेळी आपोआप पुढे येऊन तुकडा झेलतो. तिथे तर हजारांनी तुकडे निघतात, एक हरवला तर कुणाला पत्ताही लागत नाही. ज्याला एकच करायचा आहे त्याच्यासाठी मात्र काही नाही!

उपाय आहेत, मी करतो. टेलस्टॉकच्या, म्हणजे चकसमोरच्या सरकत्या ठोकळ्याच्या, ड्रिल चकमध्ये बारीक तार धरायची, ती बुशच्या भोकात घालायची, तुटला की बुश तारेवर अडकतो. मोठ्या लेथवर झकास चालतं. छोट्या मशीनवर टेलस्टॉक पुढे आणला की टूल धरणाऱ्या कंपाउंड स्लाइडला धडकतो. म्हणून तार लांब बाहेर काढावी लागते, एक मिलिमीटरची तार तेवढ्या लांबीवर थरथरते, भोकाच्या कडेला घासते. आणि भरीव पिन असेल तर तार घालणार कुठे? ‘थोडं राखून थांब आणि करवतीने काप’ म्हणतात. कापतो. मग ती खडबडीत बाजू सपाट करायला दोन मिलिमीटरचा तुकडा परत धरायचा कशात? तीन जॉच्या चकमध्ये तो धरताच येत नाही. त्यासाठी कोलेट, म्हणजे बारीक गोल तुकडे धरणारी पकड, घ्या, म्हणजे परत त्याच विकणाऱ्याच्या दारात. ‘शेवटी स्पीड कमी कर’ हाही एक सल्ला. या मशीनची मोटर कमी स्पीडला दम टाकते, पोलादात टूल रुतून बसतं आणि मोडतं.

पण सगळ्यात संताप येतो तो ‘खाली हात धर’ म्हणणाऱ्यांचा. रील बघून आलेले असतात, त्यात कुणाच्या तरी तळहातावर तुकडा अलगद पडलेला असतो. फिरत्या चकपासून दोन बोटांवर, धारदार टूलच्या खाली हात? कोण म्हणतं हातमोजा घाल, कोण म्हणतं फडकं धर. हातमोजा किंवा फडकं चकमध्ये अडकलं की हात बरोबर आत ओढला जातो, आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. नवीन पोरं हे ऐकतात आणि करून बघतात, याचं कुणालाच काही वाटत नाही?

एक मिलिमीटरचा पत्रा घ्या. दोन घड्या घाला, सॅडलला, म्हणजे टूलच्या गाड्याला, दोन स्क्रूंनी लावता येईल अशी उतरती पन्हळ करा, तळाला जाळी लावा म्हणजे कीस खाली गळेल आणि तुकडा वर राहील. एप्रनच्या मागे एक झाकण द्या. या किमतीच्या मशीनमध्ये एवढा पत्रा परवडत नाही, हे मला कुणीही पटवून देऊ नये. गार्डवर चिकटवलेल्या रंगीत स्टिकरांचे पैसे यात घातले असते तरी भागलं असतं.