आईच्या रिमोटवरची टिकली

गेल्या महिन्यात सांगलीला गेले होते. आईच्या टीव्हीचा रिमोट हातात घेतला, तर मधोमध एक मखमली टिकली चिकटवलेली. "हे काय गं?" विचारलं. म्हणाली, "अगं, संध्याकाळी मला नीट दिसत नाही. सगळी बटणं हाताला सारखीच लागतात. टिकली लागली की कळतं, हे ओकेचं. मग त्याच्या वर, खाली, बाजूला बोट नेता येतं."

आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. तिनं जे केलं ते बघून मला कौतुकही वाटलं आणि रागही आला. जुन्या रिमोटवर ५ च्या बटणावर बारीकसा उंचवटा असायचा, आठवतोय? बोट त्यावर ठेवलं की बाकीचे आकडे न बघता सापडायचे. आता कित्येक रिमोटवरून आकडेच काढून टाकलेत, त्यांच्याबरोबर तो उंचवटाही गेला. त्या जागी आलीत ओटीटी ॲपची रंगीत बटणं, जी आई कधीच दाबत नाही. चुकून दाबली गेली की मात्र तिला परत चॅनलवर येता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्ही अंधारात, न बघता, नुसत्या बोटांनी चालवता आला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

ही काही अशक्य मागणी नाही. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर विजेरीसारखा झोत टाकायचा. पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप काहीतरी करायचा. मग १९५६ मध्ये त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांचा रिमोट आला, आणि तो मला आजही थक्क करतो. आत ॲल्युमिनियमच्या छोट्या दांड्या. बटण दाबलं की बारीक हातोडी दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा. प्रत्येक बटणाचा नाद वेगळा, टीव्ही तो ओळखायचा. रिमोटमध्ये सेल नाही! सेल संपला की लोकांना टीव्हीच बिघडला असं वाटेल, हा विचार त्यामागे होता. तो नाद पकडण्यासाठी टीव्हीत आणखी सहा व्हॅक्यूम ट्यूब (त्या काळच्या टीव्ही-रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या) बसवाव्या लागल्या, किंमत जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढली, तरी त्रास यंत्रानं घेतला, माणसाला दिला नाही. बटणं फक्त चार होती, आणि दाबलं की 'खट्' असा आवाज यायचा. काम झालं हे कानाला कळायचं, बोटालाही कळायचं.

आमच्या लहानपणी लाकडी शटरच्या टीव्हीला चॅनल बदलायचं चाक होतं. कट्कट् फिरायचं. लाईट गेली की बाबा अंधारात हात लावून ते जागेवर आहे का बघायचे. लाईट आली की टीव्ही जिथे होता तिथूनच सुरू.

आता सांगलीत लाईट जाऊन आली की काय होतं? टीव्ही पुन्हा चालू होतो तो ॲपच्या चौकोनांनी भरलेल्या पानावर. सेट टॉप बॉक्स कुठल्या एचडीएमआयला, म्हणजे टीव्हीच्या कुठल्या खाचेत लावलाय, हे आईनं शोधायचं. तो शोध फोनवर चालतो, मी पुण्यातून सांगते, ती तिकडून पडद्यावरची अक्षरं वाचते. एकदा तर यात मालिकेचा अख्खा भाग गेला. टीव्हीवरचं बटण दाबावं म्हटलं, तर ते एकच आहे आणि पॅनेलच्या मागे, खालच्या कडेला. भिंतीवर लावलेल्या टीव्हीच्या मागे तिचा हात जात नाही.

टीव्ही पातळ झाला याबद्दल माझी तक्रार नाही. २००७ मध्ये सोनीनं ११ इंची ओएलईडी (ज्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) टीव्ही आणला, पडदा जेमतेम ३ मिलिमीटर जाड. २०१७ च्या एलजीच्या ६५ इंची टीव्हीचं पॅनेल त्याहूनही पातळ, २.५७ मिलिमीटर, भिंतीवर कॅलेंडरसारखं. हे खरोखर मोठं काम आहे. पण जाडी गेली तशी स्पीकरची जागा गेली. आवाज खाली किंवा मागे भिंतीकडे फेकला जातो, आणि घरोघरी म्हातारी माणसं म्हणतात, "बोलतायत काय ते कळत नाही." त्याच २०१७ मध्ये सोनीनं पडद्यालाच मागून कंप देऊन त्यातून आवाज काढला. बोलणाऱ्याच्या तोंडातूनच शब्द आल्यासारखं वाटतं. मला शोध म्हणावासा वाटतो तो याला.

हात हलवून चॅनल बदलायची सोय सॅमसंगनं २०१२ मध्ये आणली होती, ती मागे पडली. ॲपलनं २०१५ मध्ये टीव्ही बॉक्सच्या रिमोटवर गुळगुळीत काच दिली, आणि २०२१ मध्ये पुन्हा दाबायचं गोल बटण आणलं. म्हणजे मागे फिरता येतं. खोलीतल्या उजेडावर चार्ज होणारा सॅमसंगचा २०२१ चा रिमोटही मला आवडतो. सेल नको, हा ॲडलरांचाच विचार पासष्ट वर्षांनी परत आला.

तुमच्या घरीही आई-बाबा एकटे राहत असतील तर दोन गोष्टी करून बघा. सेटिंगमध्ये सीईसी शोधा, म्हणजे एचडीएमआयनं जोडलेली यंत्रं एकमेकांना चालू-बंद करू शकतात ती सोय. एलजीत त्याला सिम्पलिंक म्हणतात, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक. सेट टॉप बॉक्सलाही ती सोय असेल तर बॉक्स चालू केला की टीव्ही आपणहून त्या इनपुटला जातो. आणि चालू झाल्यावर शेवटचं इनपुट लागावं असा पर्याय बऱ्याच टीव्हींत असतो, पण मेनूत खोलवर. आईच्या टीव्हीत तो सापडायला मला पाऊण तास लागला. नवीन टीव्ही घेणार असाल तर दुकानात चित्र बघण्याआधी रिमोट हातात घ्या, डोळे मिटा आणि आवाज कमी करून बघा.

निघताना आईला विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? म्हणाली, "टिकल्यांचं पाकीट आण, आवाजाच्या बटणाला लावायला. पण गोल नको, लांबट आण. हाताला वेगळी लागली पाहिजे."