साथीतले अर्धे डॉक्टर

मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक, "बिचारी पोरं, केवढा तो ताण!" आणि दुसरी, "झेपत नसेल तर या लाइनीत यायचंच कशाला?" कोविड आला तेव्हा मी मेडिकलच्या क्लिनिकल, म्हणजे वॉर्डात पेशंटजवळ शिकण्याच्या, वर्षांत होते, आणि मला या दोन्ही वाटा सारख्याच बिनकामाच्या वाटतात. दोन्हींत गृहीत एकच आहे, की मुलं कामाच्या ओझ्याखाली दबली. माझ्या ओळखीत जी मुलं खचली, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे त्या वेळी कामच नव्हतं.

जरा आठवून बघा. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. आठवडाही झाला नव्हता, १७ मार्चला अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने जोरदार शिफारस केली की विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातल्या शिकण्याच्या पाळ्या, तूर्त थांबवा. कारणं रास्त होती. मास्क आणि पीपीई किट पुरत नव्हते, टेस्ट पुरत नव्हत्या, आणि वॉर्डात जितकी जास्त माणसं तितका संसर्ग जास्त. २००३ मध्ये सार्सच्या वेळी टोरांटोतही विद्यार्थ्यांना हॉस्पिटलबाहेर काढलं होतं. पण त्याच मार्च २०२० मध्ये इटलीने उलटं केलं. डॉक्टर म्हणून काम करण्याआधीची सरकारी परीक्षाच माफ केली आणि सुमारे १०,००० नव्या पदवीधरांचा कामावर रुजू होण्याचा रस्ता मोकळा केला. न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वेळेआधी पदवी देऊन वॉर्डात बोलावलं.

म्हणजे एकाच महिन्यात कुणाला "तू अजून डॉक्टर नाहीस, घरी जा" आणि कुणाला "तू आता डॉक्टर आहेस, लगेच ये". दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलता येईल. पण पुढच्या लाटांमध्ये कितीतरी मुलांनी ही दोन्ही वाक्यं ऐकली, तीही थोड्या अंतराने, आणि कोणतं वाक्य कधी लागू होणार हे त्यांना शेवटपर्यंत आधी कळलं नाही. परीक्षेची तारीख यायची, पुढे ढकलली जायची, पुन्हा यायची. अभ्यास करायचा तर कशासाठी, कधीपर्यंत, हेच धूसर. कष्टाची सवय असलेल्या मुलांना अनिश्चिततेची सवय नसते. शाळेपासून त्यांचं सगळं आयुष्य वेळापत्रकावर चाललेलं असतं, आणि इथे नेमकं वेळापत्रकच गेलं.

बरं, घरी गेलेली मुलं तरी विद्यार्थी म्हणून घरी होती का? तर नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांची बढती झाली. "आपल्या घरात डॉक्टर आहे ना!" पहिल्या वर्षाची मुलगी, जिने अजून औषधशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, तिला नातेवाइकांच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता ऑक्सिमीटरचा फोटो येतो. ९३ आहे, अ‍ॅडमिट करू का? सीटी स्कोअर अमुक आहे, म्हणजे किती गंभीर? हे इंजेक्शन मिळत नाहीये, तुझ्या कॉलेजमध्ये कुणाची ओळख आहे का? तिला यातलं काही येत नसतं, आणि "मला माहीत नाही" म्हणायचीही सोय नसते. म्हटलं तर घरचे तोंडावर बोलत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं. आणि चुकून काही सांगितलं आणि त्या माणसाचं बरंवाईट झालं, तर ते ओझं पुढे कोण उतरवणार?

माझ्या एका मैत्रिणीने त्या काळात फोन सायलेंटवर टाकणं सोडून दिलं होतं. नातलग बरे झाले, साथ ओसरली, तरी ती सवय गेली नाही. मला हे एकच उदाहरण पुष्कळ बोलकं वाटतं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. अर्धवट ज्ञान भीती कमी करत नाही, वाढवतं. मेडिकलची मुलं एरवीही जो आजार शिकतात तो स्वतःत शोधतात, वर्गात त्यावर हसणंही होतं. साथीत ते हसू गेलं. फुप्फुसात नेमकं काय होतं, रक्ताच्या गुठळ्या कशा होतात, पाचव्या-सहाव्या दिवशी बरा वाटणारा पेशंट अचानक कसा ढासळतो, हे सगळं वाचलेलं. मग रोज सकाळी उठून साबणाचा वास येतोय का ते बघायचं. आईला खोकला आला की मनातल्या मनात दिवस मोजायचे. घरातले इतर "काही होत नाही" म्हणून धीर देऊ शकत होते, कारण त्यांना ठाऊक नव्हतं काय होऊ शकतं.

आणि जी मुलं वॉर्डात होती, इंटर्न म्हणून किंवा घाईघाईने बोलावलेली, त्यांची कहाणी वेगळी. किटच्या आतला घाम, धुरकटलेला चष्मा, तासन्‌तास पाणी नाही, हे तुम्ही बातम्यांमध्ये वाचलंच आहे, त्यावर मी थांबत नाही. त्याबद्दल बोलणं सोपं असतं. मुलं नंतर ज्याबद्दल गप्प बसतात ते वेगळं आहे. पेशंटजवळ नातेवाईक नाहीत, म्हणून त्याच्या चेहऱ्यासमोर फोन धरून उभं राहणं. पलीकडे अख्खं घर स्क्रीनवर दाटीवाटीने बसलेलं, कुणी प्रार्थना म्हणतंय, कुणी नुसतं नाव घेतंय, आणि फोन धरणारा हात बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाचा. त्याला हृदयाच्या झडपांचे आवाज ओळखायला शिकवलं होतं, केस प्रेझेंट कशी करायची ते शिकवलं होतं. मृत्यूची बातमी फोनवर कशी सांगायची, सांगितल्यावर पलीकडून ओरडणं ऐकू आलं तर किती वेळ फोन धरून ठेवायचा, हे कुठल्या पेपरला होतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ड्युटी. राउंडला सर विचारणार ते पोटॅशियम किती आहे ते.

घरी असलेल्यांना अपराधी वाटत होतं की आपण काहीच करत नाही. वॉर्डात असलेल्यांना अपराधी वाटत होतं की आपण पुरे पडत नाही. आणि दोघंही एकमेकांशी याबद्दल बोलत नव्हते.

आता आकड्यांकडे येते. कारण "कोविडमुळे मेडिकलच्या विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य वाढलं" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. २०१६ मध्ये, म्हणजे साथीच्या कितीतरी आधी, जामा या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा एकत्रित आढावा आला होता. त्यात मेडिकलच्या २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली होती. आत्महत्येचे विचार ११.१ टक्क्यांमध्ये. आणि नैराश्याच्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी उपचार घेतलेले फक्त १५.७ टक्के. लक्षणांची प्रश्नावली भरणं म्हणजे निदान नव्हे, त्यामुळे पहिला आकडा थोडा सैल धरायला हरकत नाही. पण तिसरा आकडा मला सैल धरता येत नाही. हॉस्पिटलच्या आवारातच राहणारी, मानसोपचार विभागापासून चालत पाच मिनिटांवर असणारी ही मुलं. त्यांच्यातले बहुतेक तिथे जात नाहीत, आणि हे साथीच्या आधीपासून आहे.

का जात नाहीत? "स्टिग्मा" म्हणून हा प्रश्न उडवून लावणं मला पटत नाही. कारणं फार व्यावहारिक असतात. केसपेपर काढायचा तर त्यावर नाव येणार. ओपीडीत पोस्टिंगला आपलेच वर्गमित्र बसलेले. आत जे सर किंवा मॅडम आहेत, त्या उद्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) समोर असू शकतात. कॉलेजने नेमलेले समुपदेशक असले तर ते डीनना काय सांगतात, हे कुणाला माहीत नाही. त्यात लायसन्सची भीती. अमेरिकेत अनेक राज्यांच्या अर्जांमध्ये डॉक्टरांना त्यांच्या मानसिक आजाराच्या इतिहासाबद्दल विचारलं जात आलंय. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातल्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी जीव दिला, त्यानंतर त्यांच्या कुटुंबाने जे काम उभं केलं त्यातली एक मुख्य मागणी हीच आहे की हे प्रश्न अर्जांतून काढा. २०२२ मध्ये त्यांच्या नावाने तिथे आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदाही झाला. मुरलेले डॉक्टर ज्या भीतीने मदत मागत नाहीत, तीच भीती विद्यार्थी पहिल्या वर्षापासून बघत बघत शिकतात. हे अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना पाठ असतं.

आणि मग ते गूगल फॉर्म! साथीच्या काळात मेडिकलचा विद्यार्थी जगातला सर्वांत जास्त सर्व्हे केलेला प्राणी असावा. दर आठवड्याला कुणाचा तरी मेसेज, "प्लीज भर ना, पेपरसाठी सॅम्पल कमी पडतंय." आम्ही भरत राहिलो. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा निराश वाटलं, झोप लागत नव्हती का, भूक कशी आहे. पीएचक्यू-९ नावाच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न असतो, मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. मुलं त्यावर खरं उत्तर देत होती, कारण फॉर्म निनावी होता. आणि निनावी असल्यामुळेच कुणी त्यांच्यापर्यंत परत येऊ शकत नव्हतं. सबमिट केल्यावर स्क्रीनवर "तुमचा प्रतिसाद नोंदवला गेला आहे". संपलं. ज्याला नववा प्रश्न विचारायचा आहे त्याने त्याच पानावर किमान एक हेल्पलाइनचा नंबर आणि कॉलेजबाहेरच्या एका माणसाचं नाव तरी द्यावं. काहींनी दिलं. सगळ्यांनी द्यायला हवं होतं.

कॉलेजांनी काय केलं? मनाची ताकद वाढवण्यावर वेबिनार. आमच्याकडेही झाला, तो उपस्थिती सक्तीची करून. श्वासाचे व्यायाम, कृतज्ञतेची वही, स्क्रीन कमी वापरा (हे स्क्रीनवर सांगितलं गेलं). श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत, मी आजही करते. पण पोस्टिंग कधी, परीक्षा कधी, आजारी पडलो तर क्वारंटाइन कुठे, उपस्थितीचं काय, या चार प्रश्नांची उत्तरं एका नोटिशीत मिळाली असती तर कित्येकांची झोप त्या रात्रीच परत आली असती.

मला याबाबतीत १९५२ चं कोपनहेगन सारखं आठवतं. तिथे पोलिओची भयंकर साथ आली होती. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट, त्यात मुलं खूप, आणि श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत श्वास द्यायचा. पण रात्रंदिवस दाबणार कोण? विद्यार्थी. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. अशा पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं, ते निम्म्यावर आणि पुढे त्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात बहुतेक जण तिथपासून धरतात.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बघा, तेव्हाचे विद्यार्थी! मी ती त्यासाठी सांगत नाही. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. त्या विद्यार्थ्यांकडे एक नेमकं काम होतं, जे त्यांना शिकवलेलं होतं, ज्याची पाळी संपत होती, आणि ज्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसत होता. आमच्यातल्या बहुतेकांना यातलं काहीच मिळालं नाही. दुसरी गोष्ट तितकीच खरी, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. रात्री पेशंटला झोप लागावी म्हणून वॉर्डात दिवे मंद असायचे, आणि काही वेळा पेशंट गेलाय हे पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्याला सकाळपर्यंत कळायचं नाही. त्या मुलामुलींचं पुढे काय झालं, किती जण हे मनात घेऊन जगले, याची दखल आयसीयूच्या इतिहासाने फारशी घेतलेली नाही. काम दिलं म्हणजे मन सांभाळलं असं होत नाही. पण कामही नाही आणि विचारणारंही कुणी नाही, ही अवस्था त्याहून वाईट.

"कोविड बॅच" हा शब्द आजही ऐकू येतो. हाडं आणि स्नायू स्क्रीनवर शिकलेली, पोटावर हात ठेवून प्लीहा तपासायला व्हिडिओवर शिकलेली मुलं. सीनियर थट्टेत म्हणतात, "अरे, हा कोविड बॅचचा आहे, याला आयव्ही लावायला सांगू नका." थट्टा असते, मान्य. पण ज्याला आधीच रोज रात्री वाटतं की आपण खोटे डॉक्टर आहोत, त्याला ती थट्टा म्हणून ऐकू येत नाही. राहिलेली कौशल्यं भरून काढायला जादा पोस्टिंग, जादा सराव दिला तर या भीतीवर त्याच्याइतका उपाय नाही. तोही मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम आहे, फक्त पोस्टरवर तसं लिहिलेलं नसतं.

एक आक्षेप मला नेहमी येतो. "पेशंट काय तुमचा मूड बघून आजारी पडणार आहेत? डॉक्टरला कणखर व्हावंच लागतं." लागतं. पण कणखरपणा हा देखरेखीखाली येतो. पहिला टाका सीनियर शेजारी उभा राहून घालायला लावतो, मग पहिला मृत्यू एकट्याने का बघायचा? ड्युटी संपल्यावर एखाद्या रेसिडेंटने (पुढचं शिक्षण घेणाऱ्या सीनियर डॉक्टरने) दहा मिनिटं बसून "काल तो पेशंट गेला, तू ठीक आहेस का?" एवढं विचारलेल्या युनिटमधली मुलं मी पाहिली आहेत. कामात ती कुठे कमी पडली नाहीत.

साथ पुन्हा येईल, कुठली आणि कधी ते सोडा. त्यासाठी बेड, ऑक्सिजन आणि किटचे आराखडे करणाऱ्यांनी त्याच फाइलीत विद्यार्थ्यांचं एक पान घालावं एवढंच माझं म्हणणं आहे. कोणत्या वर्षाचा विद्यार्थी कोणतं काम करेल, कुणाच्या देखरेखीखाली. घरात आजारी माणूस असेल तर नाही म्हणता येईल का, आणि नाही म्हटल्यावर उपस्थिती किंवा गुण कापले जाणार नाहीत हे लेखी. पोस्टिंग बंद झाल्या तर राहिलेलं कधी भरून काढणार. आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारी एक व्यक्ती, जी त्यांची परीक्षक नाही.

कुणाच्या कॉलेजात असं पान आधीच तयार असेल तर मला जरूर पाठवा. वाचायला आवडेल.