आमसुलाला आठवड्याचा हप्ता लावणाऱ्यांनो, आधी रातांबा फोडून बघा

आमसुलाच्या धंद्याला मायक्रोफायनान्सवाल्यांनी, म्हणजे बायांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांनी, आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज द्यायचं हे कोणी ठरवलं? दरवर्षी तोच छळ!

पैसे लागतात एप्रिल-मेमध्ये. रानातले, कुंपणावरचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एकदम पिकतात. काढणाऱ्याला रोख द्यायची, वर मीठ, पिंपं, ताडपत्री आणि फोडायला चार बायका. फळ दोन-तीन दिवसांपलीकडे थांबत नाही. बी-गर वेगळा काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत रसात. अशी चार-पाच पुटं, आणि प्रत्येक पुटाला कडक ऊन हवं. मिरगाआधी उरकलं नाही तर बुरशी लागलीच. नीट सुकलेलं आमसूल मात्र वर्षभर टिकतं, म्हणून त्याचा पैसा येतो तोही वर्षभर, थोडा थोडा.

आणि पहिला हप्ता कधी? पुढच्या आठवड्यात! सालं अजून दुसऱ्या पुटातही गेलेली नसतात. मग ओलसर माल व्यापारी म्हणेल त्या भावाला द्या, नाहीतर दुसरीकडून कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरा.

हे अटळ नाही, म्हणून जास्त संताप येतो. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं हे कर्ज विनातारणच असतं. हप्ता किती दिवसांनी हवा यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे सवलत देणारं धोरण प्रत्येक संस्थेने ठेवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल 2022 पासूनचा नियम आहे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. माहितीपत्रक आपल्याला कळेल त्या भाषेत मिळायला हवं. सही घेताना यातलं कोण सांगतं? बायांनो, ते पत्रक मागा, आणि हप्ता महिन्याचा हवा असेल तर अर्जावर तसं लिहा. तोंडी बोलण्याला काही किंमत नाही.

बँकेत गेलं तर सातबारा. कोकणातला सातबारा! पणजोबांपासूनची सामायिक नावं, निम्मे मुंबईत, संमतीपत्र कोणाकोणाचं आणायचं? आणि रानातल्या रातांब्याला सातबारा कशाला? बचत गटाला 10 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही, ठेवीचा आग्रह धरायचा नाही, हे बँकांना लेखी सांगितलेलं आहे. तरी खिडकीवर उत्तर तेच, "आधी खात्यात एवढे ठेवा, मग बघू."

गटाने मुदत कर्जापेक्षा कॅश क्रेडिट मर्यादाच मागावी. मे महिन्यात उचलायचे, माल खपेल तसे भरायचे, व्याज वापरलेल्या रकमेपुरतंच. आमसुलाला हीच पद्धत बसते. गटाचा ठराव, बैठकांची नोंदवही, अंतर्गत कर्जाची वही असं सगळं घेऊन जानेवारीतच जा, कारण एका वेळेला एकच त्रुटी सांगायची सवय आहे त्यांना. आज ठरावावर एक सही कमी, पंधरा दिवसांनी फोटो जुना, मग साहेब रजेवर. मंजुरी हातात पडते तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि रातांब्यांचा सडा झाडाखाली कुजत पडलेला असतो.