शिडी किती मजली, हे नंतर विचारा

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. तो बडोद्याला मांजलपुरात नवव्या मजल्यावर राहतो. त्यांच्या सोसायटीत सध्या एकच चर्चा चालू आहे, पालिकेने आणखी उंच हायड्रॉलिक शिडी घ्यावी की नाही. दादा म्हणाला, ‘तू अमेरिकेत आहेस, तिथले बंब बघतेस. आपल्याकडे तसे का नाहीत ते सांग.’

हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. 24 मे 2019 ला सुरतेच्या तक्षशिला आर्केड इमारतीला लागलेल्या आगीत 22 मुलं गेली. वरून उड्या टाकणारी ती मुलं टीव्हीवर पाहिली, तेव्हापासून गुजरातेत आगीचा विषय निघाला की बोलणं शिडीपाशी जातं आणि तिथेच थांबतं. त्या मुलांना शिडी हवीच होती, ते मी कसं नाकारू? पण मला मनापासून वाटतं की आपण सगळे शिडीकडे वर बघत बसलो आहोत आणि बंबाच्या लॉकरमध्ये काय आहे, ते कुणी विचारत नाही.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या गावाच्या फायर कंपनीत तो गेल्या वर्षी स्वयंसेवक झाला. अमेरिकेतले साधारण दोन-तृतीयांश फायरमन असे स्वयंसेवकच आहेत. रविवारी सकाळी तो स्टेशनवर जातो तो बहुतेक वेळा होज, म्हणजे आगीवर पाणी मारायचे लवचिक पाइप, भरायला. एकदा मी डबा द्यायला गेले आणि तासभर तिथेच उभी राहिले.

आगीवरून आलेला होज धुतात, वाळवतात आणि बंबाच्या पाठीवरच्या लांब कप्प्यात पुढे-मागे घड्या घालत रचतात, नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तसा. मुलाने एका ठिकाणी मध्येच आखूड घडी घातली. मला वाटलं, चुकला. तो म्हणाला, ‘नाही आई, इथे कपलिंग येतंय, दोन होज जोडणारा धातूचा भाग. सरळ घडी घातली तर होज ओढताना ते आतल्या आत उलटं फिरेल आणि अडकेल.’ त्या आखूड घडीला ते ‘डचमन’ म्हणतात. गेल्या वेळी जिथे घडी पडली होती तिथे या वेळी पडू द्यायची नाही, नाहीतर आतलं अस्तर त्याच रेषेवर चिरतं. पंपाला आधीच जोडून ठेवलेले दोनशे फुटी होज वेगळे, आडव्या कप्प्यात. बंब थांबला की एक माणूस त्या घड्या खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. शोधाशोध नाही, जोडाजोड नाही. प्रत्येक होजला नंबर असतो. वर्षातून एकदा तो दाबाखाली तपासतात आणि नंबरासमोर तारीख लिहितात.

कप्प्यावर घट्ट पट्टे बांधलेले होते. त्यांच्यामागे एक दुःखद गोष्ट आहे. 2004 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोराओपोलिस गावात धावत्या बंबावरून होज घसरून रस्त्यावर आला आणि त्याच्या तडाख्यात एक लहान मुलगी गेली. त्यानंतर होज बांधून ठेवण्याचा नियम आला.

पण दादा, हाच बंब उचलून बडोद्यात आणला तर तो मांडवीच्या आसपासच्या पोळांमध्ये, त्या अरुंद गल्ल्यांमध्ये, शिरणारसुद्धा नाही. आणि आपल्याकडची एक गोष्ट इथल्यापेक्षा निश्चित चांगली आहे. आठवतं, दांडिया बाजारच्या बंबखान्यासमोर आपण ड्रिल बघायला उभे राहायचो? फायरमन दोन्ही कपलिंगं हातात धरून गुंडाळी पुढे सोडायचा, ती रस्त्यावर उलगडत जायची आणि दुसरा माणूस कपलिंगात कपलिंग दाबायचा. खट्! झालं. 63 मिलिमीटरचं हे खटक्याचं कपलिंग इंग्रजांच्या वेळचं आहे आणि अजून त्याला तोड नाही. इथे बहुतेक होज आजही आटे फिरवून जोडतात. 1904 मध्ये बाल्टिमोर पेटलं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावले, पण बाहेरच्या होजचे आटे तिथल्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या रस्त्यावरच्या नळाला, बसेनात. दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत आग लागली, तेव्हा निरनिराळ्या ठिकाणचे बंब तिथे पोहोचले. अशा वेळी एकाचा होज दुसऱ्याला बसणं किती मोलाचं असतं, हे बाल्टिमोरवरून कळतं. पोळांसाठीही पंधरा-पंधरा मीटरच्या गुंडाळ्याच बऱ्या. वळणावळणाला एकेक जोडत आत जाता येतं.

आता तुझा नववा मजला. अमेरिकेतल्या बंबांच्या शिड्या साधारण 75 ते 100 फुटांच्या असतात. त्याच्या वर इथेही कुणी शिडीच्या भरवशावर राहत नाही. फायरमन होजचं गाठोडं खांद्यावर टाकून जिन्याने चढतात आणि आगीच्या खालच्या मजल्यावर इमारतीच्या उभ्या पाइपला ते जोडतात. म्हणजे पाणी तुमच्याच इमारतीच्या पाइपातून यायचं असतं. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही 15 मीटरपासून वरची इमारत उंच धरतात आणि तिच्यासाठी आग विझवण्याची वेगळी व्यवस्था सांगितलेली आहे.

गेल्या दिवाळीत तुमच्या जिन्यातली लाल पेटी मी उघडली होती, आठवतं? काच फुटलेली. होजच्या घड्या एकमेकींना चिकटून कडक झालेल्या. पितळी ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी फेकणारी नळी, गायब. वहिनी म्हणाल्या, कोण जाणे कधीपासून असं आहे. मला रात्रभर झोप लागली नाही. कितीही उंच शिडी घेतली तरी त्या पेटीत ब्रांच परत येणार नाही. राजकोटला 25 मे 2024 ला गेम झोनच्या आगीत 27 माणसं गेली. तिथे तर पत्र्याची शेड होती, शिडीचा प्रश्नच नव्हता.

म्हणून माझं मत विचारतोस तर शिडीसाठी जरूर भांडा, पण त्याआधी या रविवारी तुझ्या जिन्यातल्या सगळ्या पेट्या उघडा. एक व्हॉल्व्ह फिरवून बघा, पाणी येतं का. आणि नगरसेवक सोसायटीच्या मीटिंगला येतील, तेव्हा शिडी किती मजली हे विचारण्याआधी त्यांना एवढंच विचार की बंबखान्यातल्या प्रत्येक होजला नंबर आहे का आणि त्या नंबरासमोर शेवटच्या तपासणीची तारीख कोणती आहे. तारीख मिळाली की मला कळव.