तठला बरफ आणि मंडळातला लिंब

भाऊ, नमस्कार.

ध्रुवीय डेटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही शिरपूरहून लिहिलंत, ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो: "तठला (म्हणजे तिथल्या) बरफनं आमले काय करनं? इथे पारा ४५ वर, केळीचे घड करपले. विमा नाकारला, कारण आमच्या महसूल मंडळाचं हवामान केंद्र कडुलिंबाच्या सावलीत आहे, तिथे आकडा वर जातच नाही. आणि तुम्ही अंटार्क्टिकाचा डेटा जगाला फुकट वाटण्याचं कौतुक करता. समन्वय म्हणजे साहेबलोकांच्या परदेशवाऱ्या."

राग कळतो. आणि एक चूक माझीच आहे, ती आधी पदरात घेतो. "ध्रुवांवरचा सगळा डेटा आता एका क्लिकवर" हे मी भारावून जाऊन लिहिलं. अंटार्क्टिक मास्टर डिरेक्टरी म्हणून जी सूची आहे, ती ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणासारखी. कोणी, कुठे, कधी, कशाने मोजलं एवढं कार्डावर. आकडे मात्र त्या त्या देशाच्या केंद्रात. आपले गोव्याला, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात. कार्ड आहे पण कपाटात पुस्तक नाही, असं तिथेही होतं. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात डेटा लवकर खुला करायचं धोरण लेखी होतं, तरी कित्येकांनी आकडे स्वतःच्याच संगणकात दाबून ठेवले. पेपर छापून होऊ दे, मग बघू, असं म्हणत.

फुकट वाटण्याचं म्हणाल तर हिशोब उलटा आहे. १९५९ च्या अंटार्क्टिक करारातल्या तिसऱ्या कलमात निरीक्षणं आणि निष्कर्ष एकमेकांना मोकळेपणाने द्यायचं ठरलं. ("शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" ही पळवाटही तिथेच ठेवली, ते सोडा.) आपली पहिली मोहीम गेली १९८१ मध्ये, करारात आपण आलो १९८३ मध्ये. आज तिथे आपली चालू केंद्रं दोन, मैत्री आणि भारती, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर. खंड मात्र भारताच्या चौपट. दोन खिडक्यांतून किती दिसणार? आठ लाख वर्षं मागे जाणारा बर्फाचा गाभा (खोल भोक पाडून काढलेला बर्फाचा लांब दांडा) युरोपीय देशांनी काढला, समुद्री बर्फाची सलग उपग्रह-नोंद १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेची. आपले संशोधक ते सगळं बिनपैशाने वापरतात. मूठभर देऊन पोतं घेतोय आपण.

आता लिंबाकडे येतो. भाऊ, तुमची तक्रार उन्हाची नाहीच, ती डेटाचीच आहे. आकडा मोजला गेला, साठवला गेला, विमावाल्यांपर्यंत पोचलाही. यंत्र कुठे उभं आहे आणि डोक्यावर काय आहे, हे मात्र आकड्याबरोबर कुणी लिहिलं नाही.

माझ्या घरचंच सांगतो. आमच्या अण्णांनी चोपड्याच्या शेतातल्या विहिरीची पातळी वर्षानुवर्षं एका लाल बासनातल्या वहीत लिहिली. "चैत्र, पाणी ४ परस." परस म्हणजे माणसाची उंची, पण कोणत्या माणसाची? अण्णा बुटके, आमचा सालदार सहा फुटी. पुढे फूट आले तेव्हा वाटलं, आता बरं झालं. मी ते सगळं संगणकात चढवलं, आलेख काढला, तर एका वर्षी पाणी एकदम तीन फूट खाली. दुष्काळ समजून मी त्यावर चांगला लंबाचौडा परिच्छेदही लिहून ठेवला होता. आई म्हणाली, "अरे, वासरू पडलं त्या साली कठडा बांधला ना!" दोर कठड्यावरून सोडायला लागले होते. पाणी होतं तिथेच होतं. आईला आठवलं म्हणून निभावलं, वहीत त्याचा एक शब्द नाही.

ज्या बैठकांना तुम्ही परदेशवाऱ्या म्हणता, तिथे बरंचसं काम या कठड्याचंच चालतं. अंटार्क्टिकासाठी डेटा व्यवस्थापनाची स्थायी समिती आहे, आर्क्टिकसाठी २०१४ पासून वेगळी समिती. "बर्फाची जाडी" म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाची की जमिनीवरच्या हिमस्तराची, वर पडलेलं भुसभुशीत हिम धरून की सोडून, हे सगळ्या देशांनी एकाच शब्दांत लिहावं म्हणून डोकेफोड करायची. कंटाळवाणं काम आहे, त्याची बातमी होत नाही.

पण ओझोनचं बघा. अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावर ब्रिटिश मंडळी १९५० च्या दशकापासून एकाच जातीच्या उपकरणाने ओझोन मोजत होती. त्या सलग नोंदीवरूनच फारमन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये जगाला सांगितलं की वसंतातला ओझोन कमालीचा घटलाय. नासाच्या उपग्रहालाही ते आकडे दिसले होते, पण १८० डॉब्सन एककांच्या (हे ओझोन मोजायचं माप) खालच्या नोंदींवर "संशयास्पद" अशी खूण पडत होती. खूण पडली, पण नोंदी फेकल्या नव्हत्या. म्हणून पुन्हा काढून बघता आल्या आणि छिद्र केवढं पसरलंय ते त्यांच्यातूनच कळलं. दोन वर्षांत ओझोन खाणारी रसायनं आवरण्याचा माँट्रियल करार झाला.

समन्वय तुटला की काय होतं तेही दिसतंय. आर्क्टिकच्या किनाऱ्यापैकी निम्म्याच्या आसपास रशियाकडे. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर पाश्चात्त्य देशांशी त्यांचं काम बहुतेक थांबलं, आणि सैबेरियातल्या गोठलेल्या जमिनीच्या नोंदींत भोकं पडली. ती वर्षं परत जाऊन मोजता येणार नाहीत.

आणि तठल्या बरफचं आपल्याशी नातं? गोव्याच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं की सैबेरियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारा अतिपाऊस यांचा संबंध असू शकतो. "असू शकतो" एवढंच, जास्त ताणत नाही. पण कापूस वेचणीला आला की येणारा तो पाऊस तुम्हाला मी काय सांगावा.

तुमच्या विम्याचं यातून काही सुटत नाही, हे मान्य. तेवढं एक करा: टेप घेऊन जा. खोडापासून यंत्र किती फुटांवर, जमिनीपासून किती उंच, दुपारी किती वाजता सावली त्यावर येते आणि कधी सरकते, हे आठवडाभर तारखेसकट लिहा. रोज एक फोटो, एकाच जागी उभं राहून. मला पाठवा, अर्ज आपण दोघं मिळून लिहू.